काखेत कळसा: मालिशवाल्या मावशींच्या पंचावन्न दिवसांचा हिशेब

सांगलीत बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणारी बाई किती घेते, वेळेवर येते का, ठेवावी का, हे गेल्या वर्षभरात मला सहा जणींनी विचारलं. प्रत्येकीला फोनवर पाऊण तास सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. मावशींचं नाव आणि नंबर देणार नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि त्या बाईचं पोट याच कामावर आहे.

मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर मी हिशेब लिहिते, त्यामुळे आधी आकडे. ९ एप्रिल २०२४ ते १० जून २०२४, म्हणजे ६३ दिवस. त्यातले आठ दिवस मावशी आल्या नाहीत: दोन अमावस्या, भाचीच्या लग्नाचे चार आणि न सांगता मारलेल्या दांड्या दोन. राहिले ५५. पहिले पंधरा दिवस फक्त बाळाचे, रोजचे २०० रुपये. माझं सीझर झालेलं, टाके भरून येईपर्यंत माझ्या अंगाला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. पुढचे चाळीस दिवस दोघींचे मिळून ३५०. झाले १७,०००. तेल आपलं, माझ्यासाठी तिळाचं आणि लेकीसाठी खोबरेल, दोन्ही लाकडी घाण्यावरचं, त्याचे १,४६०. शेवटच्या दिवशी साडी १,२५०. एकूण १९,७१०. साडीला पर्याय नाही हे धरूनच चाला. मावशी तोंडाने मागत नाहीत, पण तिसऱ्या आठवड्यापासून पिंढऱ्या चोळता चोळता "मागच्या घरी काठापदराची दिली बघ, लई चांगली माणसं" असं येत राहतं.

आता हे पैसे कशाचे, ते सांगते.

२ एप्रिलला लेक झाली, २ किलो ७०० ग्रॅम. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. दुसऱ्या रात्री सिस्टर आल्या, "दूध उतरलं नाही अजून, बाळ उपाशी राहील" म्हणाल्या आणि खालच्या मेडिकलमधून पावडरचा डबा आणि बाटली आणायला लावली. मी गुंगीत होते, आई घाबरलेली. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीकच, तो चमचा-चमचाच असतो, आणि एवढ्याशा पोटाला तेवढाच पुरतो. भरभरून दूध दोन ते चार दिवसांनी उतरतं आणि सीझर असेल तर थोडं आणखी उशिरा, हे कुणी दोन वाक्यांत सांगितलं असतं तरी भागलं असतं. तिसऱ्या दिवशी वजन भरलं २ किलो ४८०. म्हणजे आठ टक्के घट. बालरोगतज्ज्ञ शांतपणे म्हणाले, दहा टक्क्यांपर्यंत घटतं, लक्ष ठेवू. आईने त्यातलं "घटतं" एवढंच ऐकलं.

घरी आल्यावर रात्री तीनला मी तो डबा हातात घेऊन त्याच्यावरचा मजकूर वाचत बसायचे. डब्यावरच लिहिलेलं असतं की आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम. १९९२ च्या कायद्याने ते छापणं कंपनीला भाग आहे, आणि त्याच कायद्याने या पावडरींची जाहिरात करायला, आयांना फुकट नमुने वाटायला बंदी आहे, हे नंतर वाचलं. त्या वेळी मात्र वाटायचं की डबासुद्धा मला टोमणे मारतोय.

मावशींना आईने आधीच सांगून ठेवलं होतं. ७ तारखेला घरी आलो, आईने लगेच फोन केला तर त्या म्हणाल्या, "उद्या आमोशा हाय, सोमवारची. पाडव्याला येते." आली का पंचाईत! माझा जीव चाललाय आणि बाईला मुहूर्त हवाय. पण खरंच पाडव्याच्या सकाळी साडेसातला, दारात गुढी उभी राहत असतानाच, नातवाच्या स्कूटीवरून उतरल्या. साठीच्या असतील. कोपरापर्यंत तेलाने चकचकीत हात, बांगड्या वर सारून पदरात अडकवलेल्या.

मी आतल्या खोलीत बाजेवर बसून लेकीला पाजत होते. पाजत कसली, ओठ चावून बसले होते. दोन्हीकडे चिरा पडलेल्या, लेक तोंड लावायची तेव्हा डोक्यात कळ जायची. मावशींनी बाळाला हात लावला नाही, तेलाची वाटी मागितली नाही. दारात उभ्या राहून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "कंबर मोडंल अशानं. तू का वाकतीस? आई लेकराकडं वाकत नसती, लेकराला वर आणायचं."

मग दोन उशा मागवल्या. लेकीला माझ्या उजव्या काखेखाली घातलं, पाय मागे पाठीकडे, डोकं माझ्या तळहातात. टाक्यांना तिचा धक्काही लागेना. "कळशी कशी काखेत मारतीस? तशी धर." मी म्हटलं, मावशी, मी जन्मात कळशी काखेत मारलेली नाही, आमच्याकडे मी जन्मायच्या आधीपासून नळ आहे. तर त्या उठल्या, न्हाणीघरातली पितळेची कळशी आणली, लेकीला आईकडे दिलं आणि कळशी माझ्या काखेत कोंबली. "हं. आता बघ, हात कुठं जातोय ते." कळशीचा गळा जिथे तळव्यात बसतो तिथे लेकीची मान, कळशीचं पोट जिथे कुशीला टेकतं तिथे लेकीचं अंग. एवढं सोपं.

पुढचं मात्र सोपं नव्हतं. बोंड लेकीच्या वरच्या ओठाला नुसतं लावायचं आणि ती जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडेपर्यंत थांबायचं. थांबायचं म्हणजे थांबायचंच, ती रडू लागली तरी चिडायचं नाही. तोंड उघडलं की पटकन तिलाच जवळ ओढायचं, हनुवटी आधी टेकली पाहिजे, खालचा ओठ बाहेर उलटा पडला पाहिजे. "नुसतं बोंड दिलं तर चावणारच की. काळा भाग भरून जाऊ दे आत." चार वेळा चुकलं. मावशी दर वेळी करंगळी तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात घालून हलकेच सोडवायच्या, ओढायच्या नाहीत. पाचव्या वेळी जमलं. आधी भराभर चोखणं झालं, मग ते मंदावलं. "आता गप. ऐक." गल्लीत पाडव्याच्या हलग्या वाजत होत्या, तरी मला ऐकू आलं, गट्, थांबून पुन्हा गट्. आठ दिवसांत लेक दूध गिळताना मी पहिल्यांदा ऐकलं.

आणि तेल लावायला मावशी मग साडेआठला बसल्या.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दोनच दिवस आधी मी स्तनपान सल्लागार बाईंना १,२०० रुपये भरून व्हिडिओ कॉल केला होता. त्यांनी सांगितलेलं सगळं बरोबर होतं, मावशींपेक्षा नीट आणि कारणांसकट. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजा, पाचव्या दिवसानंतर दिवसाला निदान सहा दुपटी ओली झाली म्हणजे दूध पुरतंय असं समजा, ही मोजणी त्यांनीच दिली आणि मला ती फार कामी आली. मी चक्क खतावणी घातली: एका बाजूला पाजलं, दुसऱ्या बाजूला ओलं. पण फोन तेलाच्या बुधलीला टेकवलेला, त्या फोनमधून हात काही बाहेर येत नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा ही म्हण मी शाळेत पन्नासदा लिहिली असेल, कळसा खरोखर काखेत आल्यावर तिचा अर्थ लागला. १६ एप्रिलला वजन २ किलो ७२०. डबा त्याच्या दोन दिवस आधीच बंद झाला होता. उरलेली पावडर आईने जपून ठेवली, "असू दे, लागली तर." ती पावसाळ्यात दगड होऊन गेली.

न्हाऊ घालण्याबद्दल काय लिहावं? उत्तम. गावभागातलं आमचं घर जुनं आहे, न्हाणीघरात अजून तांब्याचा बंब आहे आणि भिंतीवर २०१९ च्या पुराची खूण आहे. मावशी त्या खुणेला पाठ लावून, पाय लांब पसरून बसायच्या आणि लेकीला नडग्यांवर पालथी घालायच्या, तोंड पावलांच्या बाजूला, एक हात हनुवटीखाली. पाणी आधी स्वतःच्या कोपरावर. डाळीचं पीठ आणि साय. तांब्याची धार पाठीवर अशी पडायची की लेक रडायची विसरायची. त्या पुरातही एक बाळंतीण होती म्हणे त्यांच्याकडे, बारा दिवसांचं लेकरू, शाळेत हलवलेलं. तिथे वर्गातल्या बाकावर बसून, प्लास्टिकच्या मगाने, त्यांनी त्याला न्हाऊ घातलं. खरं-खोटं त्यांनाच माहीत, पण सांगताना त्यांचा हात थांबला नव्हता.

शेगडीवरून मात्र खडाजंगी झाली. बाहेर चाळिशीला टेकलेला पारा, आणि आई व मावशी दोघींना बाजेखाली निखारे हवे, दारं-खिडक्या लावून. मी साफ नाही म्हटलं. उकाड्याचं सोडा, कोंडलेल्या खोलीत कोळशाचा धूर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, त्याला वास नाही, कळतही नाही आणि माणसं जातात. धुरीही नको, एवढ्याशा छातीला. शेवटी तह झाला: तव्यावर गरम केलेली ओव्याची पुरचुंडी, फक्त माझ्या पाठीला. ती मात्र फारच गोड लागायची. माझ्या मालिशीत पोटाला हात नाही, एवढी अट त्यांनी पाळली. पाठ, पिंढऱ्या आणि मनगटं. मनगटं दुखतात हे मला कुणीच सांगितलं नव्हतं; दिवसातून दहा वेळा डोकं तोलून धरलं की अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ येते की वाटी उचलवत नाही.

आता तक्रारी.

वेळ. साडेसात म्हणजे साडेसात ते साडेनऊ यांतलं काहीही. सकाळी चार घरं करतात, तिसऱ्या घरी चहा असतो. ७ मेला मतदानाच्या दिवशी बाराला आल्या, शाईचं बोट वर धरून, "ह्या बोटाला तेल लागू द्यायचं न्हाई आज" म्हणत. दुसऱ्या दिवशी अमावस्या, म्हणजे सुट्टीच.

छाती पिळणं. पहिल्याच आठवड्यात लेकीच्या छातीला दोन बारीक गाठी दिसल्या, तर मावशी म्हणाल्या दाबून दूध काढते. आईकडून पोटात असताना आलेल्या संप्रेरकांमुळे तान्ह्या बाळाची छाती सुजते, मुलगा असो वा मुलगी, आणि आपोआप बसते. दाबलं तर पिकते. मी हात धरला. मावशी रुसल्या, दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, तेल मात्र नेहमीपेक्षा जास्त जोरात लावलं. कानात-नाकात तेल नाही आणि काजळ नाही, हेही मी त्याच रुसव्यात सांगून घेतलं. टाळूवर तेल थोपायला हरकत घेतली नाही, दाबायचं नाही एवढंच.

गुटी. हे सगळ्यात वाईट. डॉक्टरांचं म्हणणं स्वच्छ होतं, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही. वरचं पाणीसुद्धा नाही, मध तर वर्षभर नाही, फक्त व्हिटॅमिन डीचे थेंब. मावशींसमोर मी हे तीनदा वाचून दाखवलं. एक दिवस मी अंघोळीहून आले तर ओट्यावर सहाण ओली. चमच्याला पिवळी कड. वेखंड, हळकुंड, मुरडशेंग यांचा वास मला लपणार कसा, हळदीत तर दिवस जातो माझा. आई म्हणाली, सहाण धुवून ठेवली नुसती. मावशी म्हणाल्या, "तुला बी मीच पाजलीया, मेलीस का?" (त्यांनी पाजली नव्हती, माझ्या वेळी त्यांच्या सासूबाई यायच्या.) त्या दिवशी मी घरात पहिल्यांदा आवाज चढवला. सहाण माळ्यावर गेली.

आणखी एक, नव्या जमान्याची. विसाव्या दिवशी आतेबहिणीचा फोन, बाळ किती गोड दिसतंय गं. कुठे बघितलंस? तर मावशींच्या स्टेटसला, न्हाऊन टोपडं घातलेली लेक आणि खाली जोडलेले हात. काढायला लावलं. काढलं, पण आधी सोळा जणांनी बघितलं होतं ते मोजून सांगितलं. बाकीच्या तीन घरांतल्या सासवा-सुनांचं सगळं आम्हाला ठाऊक होतं, तेव्हा आमच्या सहाणेची गोष्टही तिकडे पोहोचली असणार.

दुधाच्या गाठीचं प्रकरण मी वेगळं सांगते, कारण तिथे मावशी मनापासून चुकल्या. अक्षय तृतीयेच्या आदल्या रात्री डाव्या बाजूला खडा झाला, सकाळी तो भाग लाल आणि अंगात ताप १०१. मावशींनी तेल कडक गरम केलं आणि अंगठ्याने गाठ रगडायला लागल्या. मी किंचाळले. त्या थांबेनात, "फुटली की मोकळी होतीस." आईने मध्ये पडून हात काढला. डॉक्टर म्हणाल्या, रगडल्याने आतली सूज वाढते. गार पाण्याची पट्टी ठेवा, त्या बाजूला पाजणं बंद करू नका, बाळाला त्याने काही होत नाही, आणि गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा. दुसऱ्या रात्री ताप उतरला. मावशींना मी हे सांगितलं तेव्हा वाटलं पुन्हा रुसतील. तर त्यांनी विचारलं, "गार? गरम न्हवं?" आणि दोनदा विचारून घेतलं. पुढच्या घरी त्या काय करतात माहीत नाही.

पैसे वसूल झाले की नाही हे मला कळलं ते जूनमध्ये. सव्वीस आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे, २०१७ पासून, पण दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे. आमच्या पेढीवर आम्ही सहा. मालकांनी तीन महिने दिले, बिनपगारी. १ जुलैला रुजू व्हायचं म्हणून ९९० रुपयांचा हाताने दाबायचा पंप आणला. पंधरा मिनिटं दाबून तळाला नुसता ओलसरपणा. मावशी बघत होत्या. म्हणाल्या, वाटी उकळून आण. मग अंगठा आणि बोटं बोंडापासून लांब, काळ्या भागाच्या कडेला ठेवून, आधी मागे बरगडीकडे दाबायचं आणि मग एकमेकांकडे, घसरवायचं नाही. लेकीला समोर धरलं तर धार आधी येते, हेही त्यांचंच. दहा मिनिटांत स्टीलची वाटी अर्धी. पंप भावजयीला देऊन टाकला. काढलेलं दूध खोलीत चार तास चालतं म्हणतात, पण ते गार खोलीत; आमच्याकडे थेट फ्रीजमध्ये, आणि तिथे चार दिवसांच्या वर नाही. बाटली पुन्हा आणलीच नाही. आजीचं चांदीचं बोंडलं, म्हणजे चोचीची वाटी, कपाटात होतं, ते उकळून आई त्यानेच पाजायची. मी दुपारी दीडला स्कूटीवरून घरी यायचे, तर लेक बोंडलं संपवून आजीच्या खांद्यावर ढेकर देत असायची आणि मला बघून पुन्हा भुकेजायची.

पाचपैकी द्यायचे तर मालिशीला चार, वेळेला दोन, गुटीला शून्य, आणि पाडव्याच्या त्या एका तासाला पाच. ठेवणार असाल तर पहिल्याच दिवशी, तेलाची वाटी हातात द्यायच्या आधी, काय करायचं नाही ते सांगा, आणि आपल्या आईच्या समोर सांगा, कारण खरा करार तिच्याशी असतो. सातव्या महिन्यातच सांगून ठेवावं लागतं, नाहीतर मिळत नाहीत.

भावजयीला पौषात दिवस भरतायत. आईने परवा ५०० रुपये हातावर ठेवून मावशींना पक्कं केलं. पैसे कमरेला खोचताना त्यांनी माझ्याकडे न बघता आईला हळूच विचारलं, "ही बी गुटीला न्हाईच म्हणणार व्हय?"